मादिरां ही फ्रेंच रेड वाइन इतकी तुरट का लागते? तिच्यासोबत काय खावं?

तुरटपणा येतो तो 'ताना' या द्राक्षामुळे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडे पिकणारं हे काळंभोर द्राक्ष टॅनिनने गच्च भरलेलं असतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ कोरडी पडते.

तिथल्या लोकांनी यावर उतारा ताटातच ठेवलाय. बदकाच्या तंगडीला मीठ चोळून ठेवायचं, मग बदकाच्याच चरबीत तासन् तास मंद आचेवर शिजवायची आणि शेवटी कातडी कुरकुरीत करायची. याला म्हणतात कॉन्फी. एक घास, वर एक घोट. चरबी आणि प्रथिनं मिळाली की तीच वाइन मऊ लागते! माझ्या मते याहून चांगली जोडी नाही. पांढऱ्या घेवड्याच्या बियांचं, मांस घातलेलं कासुले किंवा मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीजही छान.

मासे नकोत, तोंडात धातूसारखी चव येते. झणझणीत रस्साही टाळा, तिखट आणखी चढतं.

बाटली कोवळी असेल तर दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवा. शक्य असेल तर सात-आठ वर्षं मुरलेलीच घ्या.