वाचक विचारतात : बडोद्यात अमेरिकन-चायनीज स्टार्टर

प्रश्न : बरीच वर्षं न्यू जर्सीत राहून आम्ही बडोद्याला परतलो. तिथल्या चायनीज हॉटेलातले फोड आलेल्या जाड आवरणाचे एग रोल, क्रॅब रंगून (खेकडा आणि क्रीम चीज भरून तळलेले वाँटन, म्हणजे मैद्याच्या आवरणाच्या छोट्या पुरचुंड्या), सोबतचा डक सॉस आणि नाकात जाणारी मोहरी मुलांना हवी आहे. इथे कुठे मिळेल?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : नावाने शोधू नका. एग रोल मागितलात तर बहुतेक ठिकाणी कोलकात्याचा पराठ्यातला रोल समोर येईल. अलकापुरी-फतेगंजच्या मेनूकार्डांवर दिसतं ते आपलं भारतीय चायनीज, कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीतून आणि मुंबईतून पसरलेलं. त्याचीही चव छान, पण वेगळी. क्रॅब रंगून तर चीनमधलं नव्हेच, ते कॅलिफोर्नियाच्या ट्रेडर विक्स हॉटेलांतून लोकप्रिय झालं. म्हणून मेनूत 'क्रीम चीज वाँटन' किंवा 'चीज वाँटन' शोधा आणि आत क्रीम चीज आहे की प्रोसेस्ड, हे विचारून घ्या. क्रीम चीज असेल तर रंगूनच्या सगळ्यात जवळचं तेच. खेकडा हवा असेल तर मासे ठेवणाऱ्या हॉटेलात आदल्या दिवशी फोन करून सांगा.

एग रोलचं मात्र घरीच करा, कारण सगळी गंमत आवरणात आहे. फ्रोझन मिळणाऱ्या स्प्रिंग रोल पट्टीत अंडं नसतं आणि ती पातळ असते. कुरकुरीत होते, फोड येत नाहीत. अडीचशे ग्रॅम मैदा, एक अंडं, अर्धा चमचा मीठ आणि लागेल तसं, साधारण ८० ते १०० मिलिलिटर, गार पाणी घालून पुरीपेक्षा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. कॉर्नफ्लोअरवर लाटून १६ सेंटिमीटरचे चौकोन कापा. कडा पातळ, मधला भाग किंचित जाड राहू द्या.

सारणाला ३०० ग्रॅम कोबी बारीक चिरून एक चमचा मीठ लावा, पंधरा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. इथे आळस केला की रोल तेलात उडतो, शिवाय आतून गिचका होतो. मोठ्या आचेवर गाजर आणि सेलरीच्या दांड्यांबरोबर दोनच मिनिटं परता, पांढरी मिरी घाला आणि पूर्ण गार करा. मूळ सारणात भाजलेलं डुकराचं मांस किंवा कोळंबी असते. शिजवलेलं चिकनही चालतं. नूडल्स नकोत, त्यानेच तो इथला स्प्रिंग रोल होतो. तेल १७५ अंशांवर, चार-पाच मिनिटं, रंग गडद सोनेरी. गार तेलात सोडलात तर आवरण तेल पितं आणि फोड येत नाहीत.

डक सॉसमध्ये बदक नसतं. शंभर ग्रॅम जर्दाळू बी काढून भिजवा, एक कप पाण्यात मऊ शिजवून वाटा, त्यात तीन चमचे साखर, दोन चमचे व्हिनेगर, इंचभर किसलेलं आलं आणि चिमूटभर मीठ घाला. मोहरीसाठी मात्र बाजारात जायला नको. राई कोरडी, बारीक दळून चाळा, तेवढ्याच गार पाण्यात कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. राईतलं एन्झाइम गार पाण्यात कामाला लागून तिखट वास तयार करतं; उकळतं पाणी घातलं की ते मरतं आणि नुसता कडूपणा उरतो. व्हिनेगर घालायचं तर दहा मिनिटांनंतरच. तासाभराने झणका उतरू लागतो, म्हणून जेवणाच्या आधी फेसा.

प्रश्न : घरी केलेलं रंगून तळताना फुटून चीज तेलात सांडतं. चक्का वापरला तरी तेच.
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : चक्का नको, उष्णतेने त्याला पाणी सुटतं आणि तेच आवरण फोडतं. चीज स्प्रेडही नको, ते गरम होताच वाहतं. २०० ग्रॅम फ्रीजमधलं घट्ट क्रीम चीज, १०० ग्रॅम शिजवलेलं खेकड्याचं मांस (सुरीमी, म्हणजे माशापासून केलेला नकली खेकडाही चालतो, बहुतेक अमेरिकन हॉटेलं तोच घालतात), दोन कांद्यांची पात आणि अर्धा चमचा वुस्टरशायर सॉस. खेकड्याचं पाणी आधी पिळून काढा. एका आवरणात एकच सपाट चहाचा चमचा सारण. जास्त घालण्यानेच बहुतेक फुटतात. कडांना पाणी लावून, आतली हवा बोटाने बाहेर दाबत चारही कोपरे वर जुळवा. तयार वाँटन वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि एका वेळी पाच-सहाच, १८० अंशांवर दीड-दोन मिनिटं तळा. आतलं सगळं शिजलेलंच असतं, रंग आला की लगेच काढा.