वाचकांचे प्रश्न : बटणावर सरकणारी सीट

प्रश्न : आमच्या सात आसनी गाडीत चालकाची सीट बटणावर पुढेमागे होते आणि गाडी बंद करून दार उघडले की ती आपोआप मागे जाते. वेळणेश्वरहून परत आल्यावर नातू तिच्या मागे वाकून चप्पल शोधत होता, तेवढ्यात सीट मागे आली आणि त्याचा पाय दाबला गेला. खरचटण्यावर निभावले. खिडकीची काच अडथळा आला की थांबते, मग सीट का थांबत नाही? गाडी बंद असतानाही बटणे चालतात, हा दोष समजावा का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : गाडी बंद असताना बटणे चालणे हा दोष नव्हे. बसण्यापूर्वीच सीट जुळवून घेता यावी म्हणून बऱ्याच गाड्यांत तिच्या मोटारींना बॅटरीतून कायम वीज दिलेली असते. मात्र त्यामुळे अंगणात उभ्या गाडीत खेळणारे मूलही ती सरकवू शकते, हे घरातल्या मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

काचेचे वजन ठरलेले असते, म्हणून मोटारीवर जादा ताण आला की तो अडथळाच आहे हे ओळखणे सोपे जाते. सीटवर मात्र कधी चाळीस किलोची, तर कधी शंभर किलोची व्यक्ती बसते, आणि तिच्यासकट सीट हलवण्याइतकी ताकद मोटारीत ठेवावीच लागते. त्यामुळे मागे अडकलेला पाय आणि वर बसलेल्या माणसाचा भार यांतला फरक साध्या रचनेला कळत नाही. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी सोय असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच ती आहे असे समजावे.

आपोआप मागे जाण्याची सोय, म्हणजे ‘इझी एंट्री’, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते का ते पाहावे. लहान मुले असलेल्या घरात ती बंदच असावी, असे माझे मत आहे. पुढच्या डाव्या सीटच्या पाठीला मागच्या प्रवाशासाठी दिलेली बटणे तर मला मुळातच पटत नाहीत, कारण मागे बसलेल्या मुलाच्या खेळामुळे ऐन घाटात पुढचा प्रवासी डॅशबोर्डकडे, म्हणजेच एअरबॅगच्या फार जवळ, ढकलला जाऊ शकतो.

पाय पुन्हा अडकलाच, तर घाबरून बॅटरीची तार काढू नये. मोटार आणि सीट ज्यांवर सरकते ते रूळ यांच्यामध्ये मळसूत्री गिअर, म्हणजे फक्त मोटारीच्या बाजूनेच फिरणारे दातेरी चाक, असल्याने वीज गेल्यावर सीट सैल पडत नाही, आहे तिथेच घट्ट राहते. आधी बटण उलट दिशेला दाबावे; त्याने सीट हलली नाही, तर तिचे रूळ जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट सैल करण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रश्न : सीटचे बटण दाबल्यावर कधी कधी आतच अडकून राहते आणि करपल्यासारखा वास येतो. सीट काढून आतले प्लग साफ केले की काम होईल, असे ओळखीचे मेकॅनिक म्हणतात.
— एक वाचक, मालवण

उत्तर : हे अंगावर काढू नये. जून 2024 मध्ये किआ कंपनीने अमेरिकेत टेल्युराइड या कौटुंबिक गाडीच्या 2020 ते 2024 या मॉडेलांतील साडेचार लाखांहून अधिक गाड्या नेमक्या अशाच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. पुढची सीट सरकवण्याचे बटण अडकले, तर मोटार तापून आग लागण्याचा धोका होता, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करावी, असे मालकांना सांगण्यात आले होते. आपणही तसेच करावे आणि पुस्तिकेत पाहून त्या सीटचा फ्यूज काढून ठेवावा. किनाऱ्यावरील खारी हवा, पायांबरोबर आत येणारी पुळण आणि पावसाळ्यातल्या ओल्या छत्र्या यांनी रूळ व जोडण्या लवकर खराब होतात, हे खरे. पण सीटखालच्या पिवळ्या प्लगांना ओळखीच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये. ते एअरबॅग आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात, म्हणून हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच व्हावे.

दोष मूळ रचनेतलाच वाटत असेल, तर सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ मध्ये आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर मालकाला तक्रार नोंदवता येते. त्यासाठी चासी क्रमांक आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डची प्रत हाताशी ठेवावी.