जुन्या छोट्या फ्लेक्सी (पातळ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या) रेकॉर्ड जमवताना दुर्मिळ कुठली ते कसं ओळखायचं, आणि वाजवल्या तर किंमत कमी होते का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचूनच लिहायला बसलो, कारण नेमकं याच्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भाऊजींचं कित्येक वर्षं भांडण चालू आहे. वाजवा. रेकॉर्ड आहे ती, वाजवायचीच असते.

भाऊजी तिकिटं जमवतात. त्यांच्याकडे भूतानचा १९७३ चा सेट आहे, सात तिकिटं, आणि प्रत्येक तिकीट म्हणजे खरीखुरी रेकॉर्ड, मागे गोंद, पुढे खाचा, ३३ च्या स्पीडला (मिनिटाला ३३ फेरे) वाजते. लोकगीतं, राष्ट्रगीत, देशाचा इतिहास इंग्रजीत आणि झोंखा भाषेत. बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन माणसाची ती आयडिया, तिकिटं विकून भूतानला पैसा मिळावा म्हणून. तेव्हा तिकिटांच्या जाणकारांनी नाकं मुरडली होती, आज त्याच सेटला हजारोंनी भाव आहे.

तर दिवाळीला ताईकडे गेलो की माझं एकच, भाऊजी एकदा लावू की, प्लेअर मी घेऊन येतो, नुसतं राष्ट्रगीत ऐकू आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवू. त्यांचं उत्तर ठरलेलं, "अरे तिकीट आहे ते, तुझ्या सुईनं ओरखडा पडला तर भरून कोण देणार?" ताई म्हणते द्या की ओ एकदा, तरी नाही. एका दिवाळीत तर माझ्यासमोर कपाटाला कुलूप लावलं. पैशाचं मला काही नाही हो, पण अख्ख्या देशाचा आवाज घरात पडून आहे आणि तो कुणी ऐकलेलाच नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही, हे मला सहन होत नाही.

आणि ठेवलाय कुठं, तर माडीवर पत्र्याखाली! सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३-४४ डिग्री, मग पत्र्याखाली किती होत असेल बघा. इतकं पातळ प्लॅस्टिक उष्णतेनं वाकतं, लाटा येतात, आणि अल्बमचं पान मऊ पीव्हीसीचं असेल तर त्याला चिकटून बसतं, मग कसलं मिंट, म्हणजे कोरं करकरीत, आणि कसलं काय. सुईनं एका वेळेला जेवढं झिजणार त्याच्या कितीतरी पट नुकसान आपला एक उन्हाळा करतो. फ्लेक्सी खालच्या खोलीत, कागदी पाकिटात, सपाट ठेवायच्या.

माझ्याकडे रशियाच्या क्रुगोझोर मासिकाच्या निळ्या फ्लेक्सी आहेत. १९६४ ला सुरू झालेलं मासिक, रेकॉर्ड अंकातच बांधलेल्या आणि अंकाला मधोमध भोक. इथल्याच एका जुन्या गिरणी पुढाऱ्यांच्या घरच्या रद्दीत मिळाल्या, ते शिष्टमंडळातून मॉस्कोला जाऊन आले होते. भाषा मला अक्षर कळत नाही तरी सगळ्या वाजवल्या, उतरवल्या, त्यांच्या मुलीला फाईली पाठवल्या, तिनं घरच्या सगळ्यांना बसवून ऐकवल्या. कपाटातल्या कुलपानं हे झालं असतं का?

आता दुर्मिळ कुठली. जुनी म्हणजे दुर्मिळ नव्हे, किती निघाल्या आणि किती टिकल्या ते बघायचं. नॅशनल जिओग्राफिकच्या जानेवारी १९७९ च्या अंकात देवमाशांच्या गाण्यांची फ्लेक्सी होती, प्रती छापल्या १ कोटी ५ लाख, ती कुणी रेअर म्हणून मोठ्या भावानं देत असेल तर सरळ उठून यायचं. उलट फिलको कंपनीच्या १९६७ च्या हिप पॉकेट नावाच्या फ्लेक्सी, जेमतेम चार इंची, मूळ पाकिटासकट मिळाल्या तर घ्या. बीटल्स या इंग्लंडच्या बँडनं १९६३ ते १९६९ दर नाताळला फॅन क्लबच्या मेंबरांना पाठवलेल्या फ्लेक्सीसुद्धा तशाच, बाहेर विकायला नव्हत्याच. एक्स-रेच्या फिल्मवर कापलेल्या रशियन रेकॉर्ड फोटो बघून घेऊ नका, जुना एक्स-रे घेऊन आजही तशी कापता येते.

वाजवताना ऑटोमॅटिक प्लेअर नको, एवढ्या छोट्या रेकॉर्डला तो सुई टेकायच्या आधीच हात उचलून परत नेतो. खाली एखादी एलपी, म्हणजे मोठी साधी रेकॉर्ड, ठेवा, घसरत असेल तर मधल्या लेबलवर नाणं ठेवा, सुईच्या डोक्यावर नाणं ठेवणारे लोक आहेत त्यांचं ऐकू नका. चावीच्या ग्रामोफोनवर तर चुकूनसुद्धा नाही, ती लोखंडी सुई खाचा खरवडून काढते. आवाज थोडा दबका येणार, घेरच लहान आहे.

हां, एक सांगायचं राहिलं, विकायच्याच असतील तर न वाजवलेल्या, मागचा कागद शाबूत असलेल्या भूतानच्या तिकिटांना जास्त पैसे मिळतात, तेवढं भाऊजींचं खरं आहे. आणि फ्लेक्सी साध्या रेकॉर्डपेक्षा लवकर झिजते, म्हणून रोज लावू नका, चांगल्या सुईनं एकदा लावून नीट उतरवून घ्या आणि ठेवून द्या. पण नुसत्या किमतीसाठीच घ्यायच्या असतील तर सोनं घ्या, रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना राहू द्या. भाऊजी हे वाचणार आहेत, वाचू देत.

सोलापुरात कुणाकडे भूतानचा सेट असेल आणि एकदा लावू देणार असाल तर कळवा, प्लेअर आणि लॅपटॉप घेऊन मी येतो.