एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली माणसं आपल्या कामाची व्याख्या वेगवेगळी का करतात?

पदवी एक असली तरी टेबल वेगळं. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक दिवसभर रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि योजनेच्या फायलींत बुडालेला. तो म्हणणार, गरिबाला उपचार मिळवून देणं. मेळघाटात वनहक्काचे दावे भरून घेणारी म्हणेल, हक्कांची लढाई. दोघंही खरंच बोलतात. १९३६ साली मुंबईत टाटांची समाजकार्य शाळा निघाली, तेव्हा वळण अमेरिकी होतं, भर व्यक्तीला सावरण्यावर. समाजकार्याच्या २०१४ च्या जागतिक व्याख्येत मात्र सामाजिक बदल आधी येतो. शिवाय डॉक्टर-वकिलांसारखी सगळ्यांना लागू होणारी नोंदणी परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे चौकातल्या फ्लेक्सवरचा हात जोडलेला ‘समाजसेवक’ही आमच्याच रांगेत. (हे फार झोंबतं, खरं सांगतो.)