मामंजींना विचारलंत का?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळाली, तिकिटं काढायची वेळ आली आणि आता त्यांना रात्र रात्र झोप नाही. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, घरी सासरे एकटे. साठ-सत्तर हापूसची कलमं आणि थोडी भातशेती. त्या लिहितात, "मामंजी म्हणतत, जावा, माजी काळजी करू नको. ह्यांना वाटतं, झालं, प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. माझंच मन कच्चं आहे का?"

नाही ताई. तुमच्या मनाने बरोबर जागा धरली आहे.

आम्ही २००९ साली वेंगुर्ल्याहून टोरोंटोला आलो. माझे सासरेसुद्धा "जावा" म्हणाले होते आणि आम्ही त्याला परवानगी समजून बॅगा भरल्या. निघायच्या आदल्या रात्री ते पडवीत आमसुलांची पुडी बांधत बसले होते. वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सुंभ. बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. मी ते तीनदा पाहिलं आणि झोपायला गेले. तीन वर्षांनी आम्ही जुलैत घरी आलो तेव्हा शेजारचे काका पडवीत बसले होते. मी माजघरात तांदूळ निवडत होते. मामंजी त्यांना सांगत होते, "माका सांगल्यानी. इचारूक नाय कोणी." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, आपल्याकडची म्हातारी माणसं "जावा" म्हणतात ते मुलांच्या पायात पाय घालायचा नाही म्हणून. त्या एका शब्दावर घर सोडू नका. त्यांच्याजवळ बसून विचारा. "आम्ही जाऊ का?" असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. रात्री घरात सोबतीला कोण झोपणार? मोहोर आला की फवारणी कोण बघणार, की बाग कराराने द्यायची? ताप आला तर पहिला फोन कोणाला? घरचा गणपती कोण आणणार? असे प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला ते बोलायला लागतील. आमच्याकडे निदान तसंच झालं असतं, कारण पुढे त्यांची खरी घालमेल तीच निघाली.

कोकणाला माणसं लांब पाठवायची सवय आहे, हे खरं. पूर्वी आगबोटीने मुंबईला गेले, मनीऑर्डरी आल्या, घरं चालली. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा मुंबई एका रात्रीवर आली. पण चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला दारात उभा राहायचा. कॅनडाचं गणित वेगळं आहे. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. म्हणजे मेमधला आंबा मुलांना मिळणार नाही. गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते, सुट्टीत बसले. २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहेत, तोवर शाळा सुरू झालेल्या असतात. "दरवर्षी गणपतीला येऊ" असं मामंजींना किंवा मुलांना सांगू नका. कॅलेंडर घेऊन बसा आणि पुढच्या पाच वर्षांत कधी जमेल ते खरं खरं सांगा. मुलगी सातवीत आहे, तिला खोटं लगेच कळेल.

रोज व्हिडिओ कॉल करू, हे वचनही देऊ नका. देवगडला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा टोरोंटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मुलं शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर, तुम्ही कामाला. शनिवार-रविवारची दिवेलागण ठरवून घ्या आणि ती मोडू नका.

मामंजींना तिकडे नेता येतं. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो आणि मुलाचं उत्पन्नही ठरलेल्या मर्यादेच्या वर लागतं, तेव्हा पहिल्याच वर्षी ते जमेल असं धरू नका. शिवाय विचार करा, आंबा उतरेपर्यंत ते बाग सोडणार नाहीत, पाऊस पडला की लावणी, मग गणपती. ते मोकळे होतात तेव्हा टोरोंटोत थंडी पडायला लागते. बागेत दिवसभर फिरणारा माणूस जानेवारीत चार भिंतींत कसा बसेल? आम्ही मामंजींना एकदा आणलं, तेही नोव्हेंबरात. खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर बर्फाकडे बघत बसायचे. पहिली भेट उन्हाळ्यातच घडवा, लावणीला माणसं लावून.

जमिनीचं काम मात्र निघण्याआधी उरका. सातबारा काढून बघा, सामाईक असेल तर कोणाकोणाची नावं आहेत ते तपासा, सासूबाईंच्या नावावर काही असेल तर वारस नोंद करून घ्या. तुम्ही एनआरआय झालात की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच. शेजारचा तुकडा घ्यायचं मामंजींच्या मनात असेल तर तो आत्ताच घ्या. कुलमुखत्यारपत्र भारतातच नोंदवा, आणि सगळ्या अधिकारांचं नको, ठरावीक कामापुरतं करा. परदेशातून करायचं म्हटलं की वकिलातीच्या फेऱ्या आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, हे सगळं मागे लागतं. बँकेचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहतो.

आणखी एक गोष्ट, त्याने तुमची झोप थोडी परत यावी. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलं की पुरतं. व्हिसाच्या मुदतीत चौघांनी जाऊन लँडिंग, म्हणजे पीआर म्हणून पहिल्या प्रवेशाची नोंद, केलं की लगेच कायमचा निर्णय घ्यायची सक्ती नाही. एक शाळेचं वर्ष राहून बघा आणि मुलांना तसंच सांगा. घर विकू नका, बाग तोडायला देऊ नका, भांडी वाटू नका.

एवढं मात्र नक्की करा. मामंजींसमोर बसताना यजमानांना सोबत घ्या, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. सुनेने विचारलं तर ते तुमची समजूत काढतील. मुलाने विचारलं तर खरं सांगतील. संध्याकाळी दिवा लावून झाला की पडवीत, टीव्ही बंद करून. काय म्हणाले ते मला कळवा.