महिनाभर एकच जागा धर

अरे, रस्त्यावरचे फोटो काढायला रोज नवी जागा शोधत फिरू नकोस. दादर पश्चिमेला केशवसुत उड्डाणपुलाखालच्या फुलबाजारात पहाटे जा आणि पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू दे. नुसतं बघ. झेंडू ओतण्याआधी विक्रेता गोणपाट दोनदा झटकतो, मग क्षणभर थांबून गिऱ्हाइकांकडे नजर टाकतो. तो थांबलेला क्षण मला तिसऱ्या आठवड्यात दिसला!

झूम नसलेली ३५ एमएमची लेन्स पुरे. झूम असली की पाय जवळ जात नाहीत. उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नकोस. हलणारा हात स्पष्ट हवा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंद ठेव.

कुणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली, वाद घालायचा नाही. आणि फोटोची प्रिंट नेऊन देत जा. एका मावशींनी माझी प्रिंट तराजूमागे लावून ठेवलीय.