बुटका बंधारा कयाकसकट उतरावा का?

प्रश्न : आम्ही चौघे गावाकडच्या संथ नदीतून कयाकने १८ किलोमीटर जाणार आहोत. वाटेत बंधारा आहे, पाणी जेमतेम अर्धा मीटर पडतं. तो कयाकसकट उतरता येईल का? वेळ किती धरावा?

उत्तर : उतरू नका. बंधारा बुटका आहे म्हणून फसू नका, पायथ्याचं पाणी घातक असतं. वरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर उसळतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच वळतं. त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही तिथेच घुसळत राहतो. पंचाईत अशी की वरच्या अंगाने येताना यातलं काहीच दिसत नाही. नदी पुढे सरळ रेषेत संपल्यासारखी वाटते, एवढीच खूण. म्हणून जागा आधीच नकाशावर टिपा, १०० मीटर अलीकडेच काठाला लागा आणि कयाक उचलून पलीकडे न्या.

थांबे धरून ताशी ३ किलोमीटर, म्हणजे ६ तास. या उचलाउचलीला अर्धा तास वेगळा.

प्रवाहात आडवं पडलेलं झाडही तितकंच वाईट. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. लांबूनच वळसा घ्या.

जॅकेटचे खांदे कुणाला तरी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. पाणी अचानक गढूळलं, काटक्या वाहू लागल्या, तर नदीच्या वरच्या भागात पाऊस झाला असणार. लगेच बाहेर या.